अठरा कारखान्यांचा मुक्काम

आमच्या राजुरात ‘हॉटेल’ म्हटले की चहा, भजी आणि सणासुदीला जिलबी मिळण्याचे ठिकाण एवढाच अर्थ होतो. रात्री पाठ टेकण्याच्या जागेला ‘लॉज’ म्हणतात, आणि देवदर्शनाला आलेल्या माणसाने त्या लॉजातही न उतरता भक्तनिवासात, धर्मशाळेत किंवा ओळखीच्या कोणाच्या ओसरीवर पथारी पसरावी, असा पूर्वापार प्रघात आहे. म्हणूनच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात मी एक रात्र राहून आलो ही वार्ता गावात पोहोचली तेव्हा पारावर पहिला प्रश्न निघाला तो “काय काय खाल्लं?” हा, आणि तेथे लोक मुख्यतः निजावयास जातात व एका रात्रीच्या निजेचे दाम येथल्या मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा अधिक असतात, हे सांगितल्यावर मंडळी काही वेळ गप्प झाली, आणि मग एका वृद्धाने, दोष देण्याचा लवलेशही स्वरात न आणता, केवळ माहितीकरिता विचारले, “मग झोप तरी लागली का?”

प्रश्न मार्मिक होता, आणि त्याचे उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही. माझ्या पंचाहत्तरीचे निमित्त करून भाच्याने हा घाट घातला होता. “मामा, एक रात्र राहून पाहा, मग काय ते बोला,” असे म्हणून त्याने माझा विरोध मोडून काढला, आणि मीही जालन्याहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने निघालो तो मनातल्या मनात टीकेची शस्त्रे परजीतच. ती शस्त्रे सर्वच्या सर्व म्यानात गेली असे नाही. परंतु एखाद्या जुन्या, नामांकित शहरी हॉटेलातला मुक्काम इतर मुक्कामांहून निराळा का वाटतो, त्यात पैशाने विकत घेता येण्यासारखे किती आणि न येण्यासारखे किती, याचा विचार त्या दिवसापासून डोक्यात घोळत राहिला. तो येथे मांडावा म्हणतो.

आरंभ राजुरापासूनच करणे प्राप्त आहे, कारण पाहुणचाराचे माझे सगळे मोजमाप तेथले आहे. जालन्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, भोकरदन तालुक्यातले हे गाव राजुरेश्वर गणपतीचे. वरेण्य राजाची ही राजधानी व याच भूमीवर गजाननाने त्याला गणेशगीता सांगितली, अशी येथली श्रद्धा आहे, आणि गणपतीच्या साडेतीन पीठांत या स्थानाची गणना होते. संकष्टी मंगळवारी आली म्हणजे अंगारकी होते, आणि त्या रात्री जालन्याकडून, संभाजीनगराकडून, पार विदर्भाच्या हद्दीवरून माणसे अनवाणी चालत येतात. रस्ता माणसांचाच झालेला असतो. माझ्या लहानपणी अशा रात्री आजी ओसरी सारवून, दोन रांजण भरून, चुलीवर साबुदाण्याचे पातेले चढवून दाराशी बसे, आणि कोण आला, कोणाचा, कोणत्या गावचा हे न विचारता “बसा बाप्पा, आधी पाणी घ्या,” एवढेच म्हणे. सतरंज्या पुरत, घोंगड्या पुरत. उशा मात्र कधी पुरत नसत, आणि मग धोतराची घडी किंवा स्वतःचा दंड उशाला घेऊन ती थकलेली माणसे क्षणार्धात घोरू लागत.

प्रवाशाला आसरा देण्याच्या संस्था आपल्याकडे अनेक झाल्या. धर्मशाळा पुण्याकरिता, सराई व्यापाराकरिता, मुसाफिरखाना रेल्वेच्या गैरसोयीकरिता आणि डाक बंगला अंमलदाराच्या दौऱ्याकरिता. या चारही ठिकाणी छप्पर मिळे, पाणी मिळे, कधी खानसामाने शिजवलेली कोंबडीही मिळे, परंतु येणारा कोण आणि त्याला काय हवे याची पूर्वचौकशी कोणी करीत नसे, कारण त्या व्यवस्थेचे तसे प्रयोजनच नव्हते. पाश्चात्य देशांतही स्थिती फार निराळी नव्हती. अनोळखी माणसासह एकाच बिछान्यात निजण्याची पाळी तेथील पथिकाश्रमांत सर्रास येई. बोस्टन शहरात १८२९ साली उघडलेल्या ट्रेमॉन्ट हाउसने प्रत्येक खोलीस कुलूप दिले ही गोष्ट त्या काळी अपूर्वाईची ठरली, यावरूनच काय ते समजावे. पुढे त्या शतकाच्या अखेरीस, १८९८ साली, सेझार रिट्झ या स्वित्झर्लंडच्या शेतकरी घरातून आलेल्या गृहस्थाने पॅरिसला स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले आणि खोलीगणिक स्नानगृह, डोळ्यांना न बोचणारा विजेचा उजेड व एस्कॉफिए या बल्लवाचार्याची पाकशाळा यांचा असा मिलाफ घडविला की ‘रिट्झ’ या नावावरून इंग्रजी भाषेत विशेषणच तयार झाले. सिंगापूरचे रॅफल्स त्याआधी, १८८७ साली, सार्कीस नामक आर्मेनियन बंधूंनी सुरू केलेले होते. थोडक्यात, राजवाड्यातला पाहुणचार तिकीट काढून कोणालाही घेता यावा, ही कल्पना त्या काळाच्या हवेतच होती.

मुंबईत ती कोणी आणावी? वॉटसन नावाच्या व्यापाऱ्याने १८६० च्या दशकात काळ्या घोड्याजवळ ओतीव लोखंडाचे एक हॉटेल उभारले होते, ज्याचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने येथे आला आणि खिळे-पट्ट्या जुळवून उभा राहिला. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली ती याच वास्तूत, ७ जुलै १८९६ रोजी. हे हॉटेल गोऱ्यांचे. तेथे जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानापोटी ताज जन्मास आले, ही कथा इतक्यांदा सांगितली जाते की ती आता पुराव्याच्या गरजेपलीकडे गेली आहे. परंतु तिला भक्कम आधार नाही, आणि मला तर ती जमशेटजींना थोडी लहान करणारीच वाटते. १८९६ साली प्लेगाने मुंबई ओस पडत होती, धनिक लोक शहर सोडीत होते, आणि ज्या गृहस्थाला आपल्या शहराचे जगाच्या नकाशावरील स्थान टिकवावयाचे होते त्याने अशा वेळी समुद्राकाठी जगाला उतरावयास बोलावणारी एक वास्तू उभारण्याचे मनात आणावे, हे कारण रागापेक्षा मोठे आणि त्यांच्या एकंदर चरित्राशी अधिक जुळणारे आहे. त्यांच्या बहिणीला मात्र ते पटले नव्हते. विज्ञानसंस्था, पोलादाचा कारखाना, वीजनिर्मिती अशा योजना आखणारा आपला भाऊ आता ‘भटारखाना’ काढणार, याचे तिला नवल वाटले, असे त्यांच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. आमच्या पारावरचे वृद्ध गृहस्थ आणि ती पारशी बाई एकाच पंथाची, हे पाहून मला फार गंमत वाटली.

या वास्तूच्या रचनेचा पहिला मान रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचा आहे, हे मराठी वाचकास मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण आपण गेटवेपाशी उभे राहून त्या घुमटाकडे पाहतो तेव्हा ते सर्व कोणा साहेबाचे कर्तृत्व असावे असे गृहीत धरून चालतो. व्हिक्टोरिया टर्मिनसचे शिल्पकार स्टीव्हन्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या वैद्यांनी डी. एन. मिर्झा यांच्यासह आराखडा केला. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम तडीस नेले, आणि खानसाहेब सोराबजी रतनजी कंत्राटदार यांनी ते बांधले. इमारत पाठमोरी बांधली गेली, ते पाहून वास्तुविशारदाने घुमटावरून उडी घेतली, अशी जी दंतकथा टांगेवाल्यांपासून मार्गदर्शकांपर्यंत सर्वजण सांगत आले, ती साफ खोटी आहे. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने, पश्चिमेस होता, कारण गाड्याघोडे शहरातूनच येणार, आणि पूर्वेकडची सगळी दर्शनी बाजू खोल्यांना मिळाल्याने समुद्राचा वारा व देखावा पाहुण्यांच्या वाट्याला येणार. आज जेथे पोहण्याचा तलाव आहे तेथे पूर्वी बग्ग्या वळत असत. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतेच. हॉटेल उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी, आणि गेटवे खुले झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी, म्हणजे दरवाजाच्या आधी वीस-एकवीस वर्षे घर उभे होते.

पहिल्या रात्री अवघे १७ पाहुणे उतरले, असे सांगतात. जमशेटजींनी परदेशांत स्वतः फिरून विजेची यंत्रे, झुंबरे, पंखे, उद्वाहक यांची खरेदी केली होती. तुर्की पद्धतीचे स्नानगृह, औषधाचे दुकान, टपालघर अशा सोयी एकाच छताखाली होत्या, आणि विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या मुंबईतील अगदी आरंभीच्या इमारतींत या वास्तूचा समावेश होतो. इतके करून त्या गृहस्थाने हे हॉटेल जेमतेम पाच महिने पाहिले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. पुढे पहिल्या महायुद्धात येथे ६०० खाटांचे रुग्णालय झाले, संस्थानिक आले, पुढारी आले, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची इंग्रज पलटण ज्या कमानीतून बाहेर पडली ती या खिडक्यांच्या समोरच.

आता एवढा इतिहास असला म्हणून मुक्काम उत्तम होतो काय? मुळीच नाही. वॉटसनच्या त्या लोखंडी हॉटेलचा इतिहास ताजपेक्षा जुना. पण हॉटेल केव्हाच बंद पडले, खोल्यांतून कचेऱ्या थाटल्या गेल्या, इमारतीला इस्प्लनेड मॅन्शन असे नाव पडले, आणि आज ती जीर्णावस्थेत आपल्या भवितव्याच्या दाव्यांच्या निकालाची वाट पाहते आहे. वास्तू जुनी झाली की ती आपोआप आदरणीय होते हा भ्रम आहे. रोज कोणी तरी तिची झाडलोट करावी लागते, तिच्यात दिवा लावावा लागतो, पाहुण्याला “या” म्हणावे लागते.

मला जे जाणवले ते सांगतो. भाच्याने दार उघडून आत नेले तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती शांततेची. बाहेर गेटवेच्या प्रांगणात फुगेवाले, छायाचित्रवाले, एलिफंटाच्या लाँचचे तिकीटवाले यांचा कल्लोळ होता, आणि चार पावलांत तो विझला. हा काही चमत्कार नव्हे. जाड दगडी भिंती, उंच छत, रुंद सज्जे आणि पाऊल मुरवून घेणारे गालिचे यांचे ते कार्य आहे, आणि ज्या काळी हवा गार करणारी यंत्रे नव्हती त्या काळी उष्ण हवा वर जावी व वारा आरपार वाहावा म्हणून योजलेल्या उंचीचा तो आजचा आनुषंगिक लाभ आहे. आमच्या गावातल्या जुन्या वाड्यांतही माळवदाखाली भर उन्हात असाच गारवा असे; फरक इतकाच की ते वाडे आम्ही पाडून त्याजागी पत्रे घातले.

मधला जिना मी दोनदा चढलो व उतरलो. मोठ्या घुमटाखाली दोन्ही अंगांनी वर जाणारा तो जिना भिंतीतूनच अंग बाहेर काढून अधांतरी उभा आहे, त्याला खालून खांबाचा टेकू नाही, आणि ही करामत सोराबजी कंत्राटदारांची असे मानतात. जवळच जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. पायऱ्या चढताना मनात असा विचार आला की, येथे माझ्या आधी नेमके कोण कोण चढले याची यादी कोणी दिली नाही तरी ते चढले आहेत ही जाणीव पायांनाच होते, आणि नव्या हॉटेलास कितीही संगमरवर जडविला तरी ही जाणीव आयात करता येत नाही. जुन्या हॉटेलाच्या दरात या जाणिवेची आकारणी असतेच. फक्त बिलात तिचे कलम वेगळे दाखवीत नाहीत.

पण खरा भेद याहून पुढचा आहे, आणि तो समजावयास आपल्या शिवकालीन राज्यव्यवस्थेतला एक शब्द मला फार उपयोगी पडला. त्या काळी राजगृहाची सरबराई ‘अठरा कारखान्यां’त वाटलेली असे. कारखाना म्हणजे आजच्यासारखी गिरणी नव्हे, तर एकेका गरजेचे खाते : मुदपाकखाना म्हणजे पाकशाळा, आबदारखान्याकडे पाणी व पेये, फरासखान्याकडे बैठका, तंबू, जाजमे, पडदे, जामदारखान्याकडे वस्त्रे, दप्तरखान्याकडे लेखन, आणि शिवरायांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात तर या फारसी नावांना संस्कृत प्रतिशब्द देण्याकरिता कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग अशी स्वतंत्र प्रकरणे घातली आहेत. मोठे हॉटेल म्हणजे हाच जुना इतमाम, पीलखाना व तोफखाना तेवढा वगळून.

फरासखान्याचेच पाहा. हॉटेलवाले त्याला हाउसकीपिंग म्हणतात. प्रत्येक पलंगासाठी चादरींचे कमीत कमी तीन संच ठेवावे लागतात, एक पलंगावर, एक धुलाईत आणि एक फडताळात. ही संख्या चुकली की एखाद्या सायंकाळी पाहुण्याला तिष्ठत बसावे लागते. चादरीचा कोपरा गादीखाली दुमडताना त्याला पाकिटाच्या कडेसारखी तिरपी घडी घालतात, ज्यामुळे रात्रभर कूस बदलली तरी चादर निसटत नाही. दिवेलागणीच्या सुमारास एक तरुण मुलगी आली, पडदे ओढले, पांघरुणाचा एक कोपरा त्रिकोणी दुमडून ठेवला, पलंगाच्या ज्या बाजूला मी दुपारी टेकलो होतो त्याच बाजूला चपला मांडल्या आणि पाण्याचा पेला भरून झाकून ठेवला. मी दुपारी कोणत्या बाजूला टेकलो होतो हे तिला कोणी सांगितले? कोणीच नाही, गादीवरचा खळगा तिने पाहिला होता. एवढीशी गोष्ट, परंतु त्या क्षणी मला एकदम आजीची आठवण झाली, कारण आलेल्या माणसाच्या पायावरची धूळ पाहून तो जालन्याकडून आला की सिल्लोडकडून हे ती ओळखीत असे आणि त्याप्रमाणे पाणी गरम की गार हे ठरवीत असे.

दप्तरखान्याचे काम आणखी सूक्ष्म. पूर्वी पाहुण्यांच्या नावाचे कार्ड ठेवीत, आता ते संगणकात असते : कोणाला कोणता मजला आवडतो, कोणाला दुधाचा चहा लागतो, कोण शाकाहारी, कोणाचा वाढदिवस केव्हा. पुन्हा येणाऱ्या माणसास “गेल्या खेपेची खोली तयार ठेवली आहे” असे सांगितले जाते तेव्हा त्याला स्मरणशक्तीचा जो चमत्कार वाटतो तो वस्तुतः दप्तराचा शिरस्ता असतो. आणि तरीही तो वाटतोच. दर्शनी भागात कोटाच्या कॉलरवर सोन्याच्या दोन किल्ल्यांची फुली लावलेला गृहस्थ दिसला तर तो या खात्याचा वकील समजावा. या किल्लीधारकांचा संघ १९२९ साली पॅरिसमध्ये निघाला, आणि शहरात जे मिळत नाही ते मिळवून देणे हे त्यांचे काम. मी त्याला, परीक्षा पाहावी म्हणून, जवळपास ज्वारीची भाकरी मिळेल काय असे विचारले. त्याने हसू न आणता ठिकाण सांगितले, आणि तेथे पिठले दुपारी लवकर संपते हेही सांगितले.

सी लाउंज नावाच्या पहिल्या मजल्यावरच्या चहाच्या दालनाचा उल्लेख न करणे अन्याय होईल. समुद्राकडच्या खिडक्यांशी बसून मुंबईतल्या सधन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या मुली पाहिल्या व मुले दाखविली. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच तो, फक्त पोह्यांच्या जागी काकडीचे सँडविच.

या सगळ्या सरबराईला माणसे लागतात, आणि ही माणसे येतात कोठून, या प्रश्नाच्या उत्तराने मला सर्वांत जास्त चकित केले. हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे यांनी एका सहलेखिकेसह २०११ साली या हॉटेलच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असे दिसून आले की हॉटेलचे चालक नोकरभरतीसाठी महानगरांपेक्षा लहान गावांकडे वळतात. वडीलधाऱ्यांविषयी आदर, नम्रता व दुसऱ्याचा विचार या गोष्टी तेथल्या मुलांत घरूनच आलेल्या असतात, आणि सुरी-काट्याचे शिक्षण नंतर देता येते, असा त्यांचा हिशेब. इतर हॉटेले बारा महिने शिकवतात तेथे हे अठरा महिने शिकवतात. आणि पाहुणा व कंपनी यांत विरोध आला तर पाहुण्याची बाजू घ्यावी, असे शिकवतात.

हा अभ्यास ज्या प्रसंगामुळे झाला तो सर्वांना ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर आत शिरले आणि २९ च्या सकाळपर्यंत ती वास्तू जळत होती. कर्मचाऱ्यांना मागचे जिने, पाकशाळेतून जाणारे बोळ, नोकरवाटा तोंडपाठ होत्या. त्या वाटांनी स्वतः निघून जाणे त्यांना सर्वांत सोपे होते. ते गेले नाहीत. त्यांनी पाहुण्यांना अंधारात गप्प बसविले, पाणी दिले, रांगेने बाहेर काढले, आणि बाराशे ते पंधराशे माणसे वाचली. हॉटेलात ३१ जण मरण पावले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश तेथले कर्मचारी होते. महाव्यवस्थापकांची पत्नी व दोन मुले वरच्या मजल्यावर मरण पावली, आणि तो माणूस खाली पाहुण्यांच्या सुटकेत गुंतलेला होता. येथे कोणते विशेषण वापरावे ते मला कळत नाही, म्हणून वापरीत नाही. आगीतून वाचलेले ‘जीवनवृक्ष’ नावाचे धातुशिल्प आता स्मारक म्हणून ठेवले आहे आणि त्यापाशी ती ३१ नावे कोरली आहेत. पाहुणे सामान घेऊन त्याच्यासमोरून जातात. जुना भाग पूर्ववत होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुला झाला.

दोष सांगावयाचे तर तेही आहेत. दिखाऊपणा आहे, पाण्याच्या बाटलीपासून टॅक्सीपर्यंत प्रत्येक वस्तूस आपले मोल कळलेले आहे, आणि बाहेर पदपथावर निजणाऱ्या माणसाकडे खिडकीतून पाहताना अन्न गोड लागत नाही, तसे लागूही नये. परंतु दोनच वर्षांमागे एका लग्नाच्या निमित्ताने दुसऱ्या शहरातल्या एका नव्याकोऱ्या काचेच्या हॉटेलात माझा मुक्काम पडला होता, तेथे दाराला किल्ली नव्हती तर पत्रिकेएवढे कार्ड होते, ते रात्री अकराला चालेनासे झाले, आणि खाली चौकशी केली असता तेथल्या तरुणाने संगणकाकडे पाहत “सिस्टीम दाखवते आहे की तुम्ही आत आहात” असे उत्तर दिले. मी त्याच्यासमोर उभा होतो. त्याने मान वर केली असती तर दिसलो असतो. भपक्यात ते हॉटेल ताजहून कमी नव्हते. कमी होती ती एक नजर.

आम्ही मराठवाड्याचे लोक १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होतो, म्हणून हैदराबादच्या फलकनुमा महालाविषयी घरी पुष्कळ ऐकलेले असे. पायगा घराण्याच्या विकारुल उमरा यांनी बांधलेला व पुढे निजामाकडे गेलेला तो महालही २०१० पासून हॉटेल झाला आहे, आणि १०१ माणसे एका वेळी बसतील असे जेवणाचे मेज त्यात आहे. ज्या दिवाणखान्याच्या पायरीवर आमच्या आजोबांची सावली पडू दिली गेली नसती तेथे आज कोणीही पैसे भरून झोपतो. त्याला प्रगती म्हणावे असे माझे मत आहे, जरी पारावर या मुद्द्यावर मतभेद झाले.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. झोप उशिरा लागली, कारण पलंगाशेजारी एक छापील पत्रिका होती, तीत उशांचे प्रकार दिले होते : मऊ, कठीण, पिसांची, मानेच्या दुखण्यासाठी निराळी, आणि त्यातली कोणती मागवावी हे ठरविण्यात माझा बराच वेळ गेला. शेवटी मी कोणतीच मागविली नाही, दंड उशाला घेतला, आणि समुद्राचा आवाज ऐकत पडून राहिलो. पहाटे केव्हा तरी डोळा लागला तो चांगला लागला.

वाचकांपैकी कोणास अंगारकीला राजुरास यावयाचे असेल तर त्यांनी आदल्या दिवशी तिन्हीसांजेच्या आत पोहोचावे, म्हणजे ओसरीवर जागा मिळेल. रांजण भरलेला असतो. उशा अजूनही पुरत नाहीत; तेवढी आपली आपण आणावी.